गळा कोणाचा, नाव कोणाचे?

मे २००९ मध्ये न्यूयॉर्क येथील अमेरिकन संघीय न्यायालयात एक दावा दाखल झाला. वादी ऑझी ऑस्बोर्न, गायक. प्रतिवादी टोनी आयोमी, गिटारवादक. दोघेही इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन या कामगार वस्तीतले, एकाच शाळेत शिकलेले आणि ‘ब्लॅक सबाथ’ या एकाच रॉक बँडचे संस्थापक. वाद बँडच्या नावाच्या मालकीचा होता. आयोमीचे म्हणणे, नाव माझ्या एकट्याचे. ऑझीचे म्हणणे, निम्मा वाटा माझा. इथपर्यंत हा आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या दाव्यासारखाच दावा. परंतु वादीच्या कथनात एक मुद्दा असा होता की, बँडच्या असामान्य यशाचे मुख्य कारण ऑझीचा गळा हेच आहे आणि १९८० ते १९९६ या काळात ऑझी नव्हता म्हणून बँडची लोकप्रियता घसरली.

या सोळा वर्षांत त्या बँडमध्ये गात कोण होते? गायक अनेक झाले. पण पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा होता रॉनी जेम्स डिओ. तो या दाव्यात पक्षकार नव्हता. त्याला नोटीस नव्हती, त्याच्या वतीने कोणी वकील उभा नव्हता. तरीही त्याच्या कामाबद्दल न्यायालयाच्या कागदावर विधान केले गेले. ज्याच्याविरुद्ध मत नोंदवायचे त्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे, हे नैसर्गिक न्यायाचे प्राथमिक तत्त्व आहे. ते तिथे पाळले गेले नाही. म्हणून हा स्तंभ आज त्या सुनावणीसाठी खर्ची घालत आहोत.

वाचक विचारतील, या विदेशी गोंगाटाशी आपला काय संबंध? संबंध आहे. रॉक संगीत म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचा धिंगाणा, असा आपल्याकडे एक समज आहे. ब्लॅक सबाथच्या बाबतीत तो साफ खोटा आहे. टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्रावर काम करत होता. कामाचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके कापून नेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, त्यावर चामडे चिकटवले आणि पुन्हा वाजवू लागला. पुढे तारा सैल सोडून तो वाजवू लागला, तेव्हा गिटारचा सूर खाली गेला, जड झाला. आज जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात, त्याच्या त्या जड नादामागे एका कामगाराची कापलेली बोटे आहेत.

ऑझीचे मूळ नाव जॉन. जन्म ३ डिसेंबर १९४८. सहा भावंडे, लहानसे घर, आईबाप दोघे कारखान्यात. शाळेत अक्षरे जुळत नसत. ती वाचनदोषाची अडचण होती हे नंतर कळले, त्या वेळी ‘ढ’ हाच शिक्का. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. कत्तलखान्यात काम केले, मोटारीचे हॉर्न बनवणाऱ्या कारखान्यात काम केले. घरफोडी केली, पकडला गेला, दंड भरायला पैसे नव्हते म्हणून विन्सन ग्रीनच्या तुरुंगात सहा आठवडे काढले. दंड भरू शकणारा घरी जातो आणि न भरू शकणारा आत जातो, हे आमच्यासारख्या फौजदारी न्यायालयात रोज उभे राहणाऱ्यांना नवे नाही. बाहेर आल्यावर गायचे ठरवले. आपल्याला बँड हवा आहे, स्वतःचे ध्वनिवर्धक आहेत, अशी चिठ्ठी त्याने दुकानात लावली. ते ध्वनिवर्धक वडिलांच्या नावावरच्या कर्जातून आले होते. बँडमध्ये त्याला घेतले त्याला गळ्याइतकेच ते ध्वनिवर्धकही कारण होते, हे त्याच्या बाजूचे लोकही नाकारत नाहीत.

डिओची कथा वेगळी. मूळ नाव रोनाल्ड जेम्स पॅडावोना, जन्म १० जुलै १९४२, अमेरिकेत वाढलेला, इटालियन स्थलांतरितांच्या घरातला. लहानपणी वडिलांनी ट्रम्पेट शिकायला लावले. श्वास कसा भरायचा, कुठे रोखायचा आणि किती सोडायचा हे त्याला वाद्याने शिकवले. गाण्याची वेगळी तालीम घेतली नाही, असे तो सांगत असे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तो गात होता. ‘एल्फ’ हा त्याचा बँड, मग रिची ब्लॅकमोरबरोबर ‘रेनबो’. १९७९ मध्ये तो ब्लॅक सबाथमध्ये आला तेव्हा सदतिशीकडे झुकलेला, अनुभवाने पिकलेला गायक होता. म्हणजे एक जण कारखान्यातून उठून थेट मंचावर आलेला, दुसरा वीस वर्षे रियाज करून आलेला. या दोघांना एकाच फूटपट्टीने मोजणारे लोक नेमके काय मोजतात, हे आधी विचारले पाहिजे.

आता गाण्याकडे येऊ. विधी महाविद्यालयाच्या वसतिगृहात आमच्याकडे रस्त्यावर मिळणारी एमपीथ्री सीडी असे. दीडशे गाणी, वर बँडचे नाव आणि एक कवटीचे चित्र. कोणते गाणे कोणी गायले, याचा कुठे उल्लेख नाही. पण कानाला उल्लेख लागत नाही. एक आवाज उंच, नाकातला, किंचित केविलवाणा. जणू रात्री कारखान्याच्या भोंग्यानंतर गल्लीतून कोणी हाक मारत आहे. दुसरा आवाज छातीतून येणारा, भरलेला, प्रत्येक शब्दाचा शेवट धरून ठेवणारा. हे दोन आवाज एकमेकांची जागा घेणारे नाहीत. खुद्द आयोमीने हा फरक अगदी नेमका सांगितला आहे. ‘आयर्न मॅन’सारख्या गाण्यात ऑझी गिटारच्या मागोमाग, तिच्याच चालीवर जातो; डिओ मात्र गिटारला आडवा छेद देऊन गातो. सगळी तुलना या एका निरीक्षणात आली आहे, पण चाहत्यांच्या भांडणात तिचा उल्लेख क्वचितच होतो.

याचा अर्थ काय? ‘आयर्न मॅन’ (१९७०) ऐका. गिटार जी चाल वाजवते, तीच चाल ऑझी गातो. माणूस आणि यंत्र एकाच सुरात चालले आहेत असा भास होतो. गायनशास्त्राच्या हिशेबाने हे अगदी साधे काम आहे. परंतु त्या साधेपणातच भीती आहे. गिटार खाली, आवाज वर, आणि मधली पोकळी कोणी भरलेली नाही. ऑझी ती पोकळी भरायला जात नाही. त्याला ते जमतही नव्हते. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये आयोमीने तारा आणखी सैल सोडल्या, तेव्हा ही दरी आणखी रुंद झाली. कसलेल्या गायकाने तिथे आलाप घातले असते आणि मजा घालवली असती.

उलट ‘हेवन अँड हेल’ हे १९८० चे शीर्षकगीत घ्या. कडवे सुरू होते तेव्हा आयोमी जवळजवळ बाजूला होतो. गीझर बटलरचा बास एकसारखा चालत राहतो आणि वरची सगळी जागा गायकासाठी मोकळी ठेवलेली असते. अशी मोकळी जागा गायकावर विश्वास असल्याशिवाय कोणी ठेवत नाही. डिओ ती जागा एकटा पेलतो. ऑझीच्या काळात या बँडने अशी रचना क्वचितच केली असती, कारण ती उभीच राहिली नसती. म्हणजे डिओ आल्यावर केवळ गायक बदलला असे झाले नाही. आयोमीची गिटार बदलली, रचना बदलली.

त्याचा पुरावा उलट दिशेनेही मिळतो. १९८२ च्या ‘लाइव्ह इव्हिल’ या थेट मुद्रणात डिओने ऑझीची गाणी गायली आहेत. सूर पक्का, दमसास पक्का, तरी गाणे अंगावर चढत नाही. उंची कापडाचा कोट दुसऱ्याच्या मापाचा असावा तसे वाटते. आणि ऑझी परत आल्यावर डिओच्या काळातली गाणी बँडच्या कार्यक्रमांतून बाजूलाच राहिली. ज्याला डिओ ‘नीट’ गायचा, असे म्हणायचे आहे, त्याने पहिली गोष्ट ऐकावी. ज्याला ऑझी म्हणजेच बँड, असे म्हणायचे आहे, त्याने दुसरीवर विचार करावा.

शब्दांचा मुद्दा आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. ऑझीच्या काळातली बहुतेक गीते बासवादक गीझर बटलरने लिहिली. चाल बहुधा ऑझीला सुचायची, शब्द बटलर बसवायचा. ‘वॉर पिग्ज’मध्ये युद्ध पुकारणारे सुरक्षित बसतात आणि मरायला गरिबांची पोरे जातात, ही गोष्ट बटलरने सरळ सांगितली. ‘हँड ऑफ डूम’मध्ये व्हिएतनामहून नशेची सवय घेऊन परतलेला सैनिक आहे. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, १९७० साली, वीस-बावीस वर्षांच्या कामगार पोरांनी हे लिहिले आणि गायले. यांना सैतानाचे पूजक म्हणणाऱ्या धर्ममार्तंडांनी गाणी ऐकण्याचे कष्ट घेतले नव्हते, हे उघड आहे. हे शब्द डिओच्या गळ्यातून आले असते तर ते प्रवचन झाले असते. ऑझीच्या गळ्यातून आले म्हणून ती तक्रार झाली.

डिओ स्वतः गीते लिहायचा. ‘हेवन अँड हेल’ या अल्बमवर शब्द त्याचेच आहेत. त्याची भाषा रूपकांची: राजे, समुद्र, आग, इंद्रधनुष्य. आमची यावर तक्रार आहे. बटलर ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याला ओळखता येते. डिओच्या गाण्यात दोषी कोण ते बऱ्याचदा धुक्यात राहते. चांगले आणि वाईट दोन्ही माणसाच्या आतच आहेत, निवड त्याने करायची, हा त्याचा आवडता विषय. विचार खोटा नाही. पण कारखान्यात बोटे गमावलेल्या पोराला ‘दोष तुझ्या आत शोध’ असे सांगण्याने फारसे काही मिळत नाही. अर्थात, १९८१ च्या ‘द मॉब रूल्स’मध्ये झुंडीच्या राज्याचा धोका त्याने दाखवला आहे आणि १९९२ च्या ‘डीह्यूमनायझर’मध्ये यंत्राला देव मानणाऱ्या काळावर तो तुटून पडला आहे. तिथे धुके विरते. डिओला नुसता परीकथा सांगणारा ठरवणे हाही अन्यायच होईल.

आता वादीच्या कथनाची उलटतपासणी करू. ऑझी नसताना लोकप्रियता घसरली, असे त्यात म्हटले. आकडे काय सांगतात? ऑझीबरोबरचे १९७० च्या दशकातले शेवटचे दोन अल्बम ‘टेक्निकल एक्स्टसी’ (१९७६) आणि ‘नेव्हर से डाय!’ (१९७८). अमेरिकेच्या यादीत पहिला ५१ व्या, दुसरा ६९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. म्हणजे घसरण ऑझी असतानाच सुरू झाली होती. १९७९ मध्ये त्याला काढले आणि १९८० मध्ये डिओबरोबरचा ‘हेवन अँड हेल’ आला. तो अमेरिकेत २८ व्या आणि ब्रिटनमध्ये ९ व्या क्रमांकापर्यंत गेला. पुढे अमेरिकेत त्याला दहा लाखांच्या खपाचे प्रमाणपत्र मिळाले. बुडत्या बँडला डिओने वर काढले, हे यातून सिद्ध होते. डिओ १९८२ मध्ये बाहेर पडला. त्यानंतर पाच-सहा गायक आले-गेले, बँडची परवड झाली, हे खरे. पण ती परवड डिओच्या दोन अल्बमसकट एकाच गठ्ठ्यात बांधणे आणि ‘१९८० ते १९९६’ अशी चिठ्ठी लावणे ही वकिली चलाखी आहे. आम्हीही वकील आहोत. ही चलाखी आम्हाला लांबून ओळखू येते.

मग ऑझीला काढले तो अन्याय होता का? त्या घरात सगळेच दारू आणि अमली पदार्थांत बुडालेले होते. ऑझी अधिक बुडालेला होता आणि काम होत नव्हते. निर्णय कळवायला आयोमी स्वतः गेला नाही. ढोलवादक बिल वॉर्डला पाठवले. चौघांनी उभे केलेल्या घरातून एकाला असे काढणे कडू होतेच, आणि ती कडवट चव ऑझीच्या तोंडून पुढे कधी गेली नाही. पण तिचा सूड त्याने चुकीच्या माणसावर उगवला. १९८१-८२ च्या आपल्या स्वतंत्र दौऱ्यात त्याने मंचावर एक बुटका माणूस ठेवला, त्याचे नाव ‘रॉनी’ ठेवले आणि रोज रात्री त्याला फाशी देण्याचा देखावा केला. डिओ उंचीने लहान होता. टिंगल त्याची होती. हजारो लोक हसले. एका माणसाच्या शरीराची थट्टा करायला दुसऱ्या माणसाचे शरीर भाड्याने घेणे, हा विनोद आम्ही विनोद मानत नाही. ऑझी स्वतः शाळेत ‘ढ’ म्हणून हिणवला गेलेला होता, ही गोष्ट त्याचा अपराध कमी करत नाही, वाढवते.

डिओने काय केले? ऑझी दोन बोटांनी शांततेची खूण करायचा. तीच खूण आपण करणे बरे नाही, म्हणून डिओने पहिले आणि शेवटचे बोट वर धरण्याची खूण सुरू केली. ही खूण त्याने आपल्या इटालियन आजीकडून घेतली होती. आजी ती दृष्ट लागू नये म्हणून करायची. सैतानाची खूण म्हणून जिची जगभर बदनामी झाली, ती प्रत्यक्षात एका म्हाताऱ्या बाईची दृष्ट काढण्याची रीत निघाली! दृष्ट मानणारी आजी आणि सैतान मानणारे टीकाकार, दोघांच्या अंधश्रद्धेत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. आजीची निदान निरुपद्रवी होती. २०१७ मध्ये ‘किस’ या बँडच्या जीन सिमन्सने या धाटणीच्या खुणेची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मागितली होती. टीका झाली तेव्हा अर्ज मागे घेतला. हाताच्या बोटांवरही मालकी सांगणारे लोक आहेत, तर बँडच्या नावावरून भांडण झाले यात नवल ते काय?

१९९२ मध्ये डिओ परत आला होता आणि बँडला पुन्हा जीव आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा येथे ऑझीच्या, तेव्हा निरोपाच्या म्हणून जाहीर झालेल्या, कार्यक्रमात ब्लॅक सबाथने आधी वाजवावे असे ठरले. डिओने नकार दिला. ज्याने दहा वर्षांपूर्वी आपल्या नावाने माणूस फासावर लटकवला, त्याच्या कार्यक्रमाची सतरंजी अंथरायला जायचे नाही, यात गैर काय होते? बँडने ‘जुडास प्रीस्ट’च्या रॉब हॅलफर्डला बोलावून काम भागवले. दुसऱ्या रात्री मूळचे चौघे एकत्र वाजवले. डिओ बाहेर.

२००६ मध्ये अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये ब्लॅक सबाथला स्थान मिळाले. नावे चार: आयोमी, बटलर, वॉर्ड, ऑस्बोर्न. डिओचे नाव नाही. त्याच वर्षी आयोमी, बटलर, डिओ आणि ढोलवादक विनी ॲपिसी पुन्हा एकत्र आले, पण बँडचे नाव घेतले ‘हेवन अँड हेल’. ऑझीची गाणी मागायला लोक येऊ नयेत, हे एक कारण सांगितले गेले. काहीही असो, स्वतःच्या बँडचे नाव न वापरता, केवळ आपल्या एका अल्बमच्या नावावर त्यांनी २००९ मध्ये ‘द डेव्हिल यू नो’ काढला. अमेरिकेच्या यादीत तो ८ व्या क्रमांकावर आला. ब्लॅक सबाथच्या नावाने अमेरिकेत तोवर गाठलेला सर्वांत वरचा क्रमांकही आठवाच होता, १९७१ सालचा. ज्या महिन्यात ऑझीचा दावा दाखल झाला, त्याच्या अगदी आगेमागे हा अल्बम बाजारात आला होता. वादीच्या कथनाला याहून थेट उत्तर कोणते हवे?

वर्षभराने, १६ मे २०१० रोजी, पोटाच्या कर्करोगाने डिओ गेला. वय ६७. त्याच वर्षी ऑझी आणि आयोमीने दावा आपसात मिटवला. तडजोडीच्या अटी जाहीर झाल्या नाहीत. दोघे मोकळे झाले आणि २०१३ मध्ये ‘थर्टीन’ हा अल्बम आला. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिला क्रमांक. तिथेही बिल वॉर्ड नव्हता. सही करण्यासारखा करार समोर ठेवला गेला नाही, असे त्याने जाहीर सांगितले होते. चौघांचा समान हक्क ही भाषा २००९ मध्ये ऑझीच्या बाजूने केली गेली होती, हे इथे आठवावे.

ऑझीच्या बाजूचा आणखी एक हिशेब मांडला पाहिजे. त्याचे पहिले दोन स्वतंत्र अल्बम, ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’. त्यांवर बास वाजवला बॉब डेझलीने, ढोल ली कर्सलेकने. बरेच शब्दही डेझलीचे. दोघांनी मानधन आणि श्रेयासाठी न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर २००२ मध्ये हे अल्बम नव्याने काढताना त्यांचे वादन पुसून टाकले आणि दुसऱ्यांकडून वाजवून घेतले. चाहत्यांच्या संतापानंतर २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आले. ज्याला स्वतःच्या गळ्याचे मोल न्यायालयाकडून ठरवून हवे होते, त्याच्याच दुकानात दुसऱ्यांची बोटे पुसली गेली होती. हे काम त्याने स्वतः केले की त्याच्या व्यवस्थापनाने, हा प्रश्न दुय्यम आहे. मुखपृष्ठावर नाव त्याचे होते.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत कुठे होता? कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात गीतकाराला, संगीतकाराला, निर्मात्याला हक्क होते, गाणाऱ्याला नव्हते. १९७० च्या दशकात देव आनंद यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने नटाचा अभिनय म्हणजे कायद्याच्या अर्थाने ‘कृती’ नव्हे, असे म्हटले होते. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला हक्क आला. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८-बी घातले आणि सादरकर्ता म्हणून आपली ओळख सांगितली जावी, हा त्याचा हक्क मान्य झाला. पैशाचा हक्क वेगळा आणि नावाचा हक्क वेगळा. मालकी विकता येते, तडजोडीत सोडता येते. पण हे मी गायले, ही वस्तुस्थिती कोणाला विकता येत नाही आणि कोणाला पुसताही येता कामा नये. ऑझी-आयोमी दावा मालकीचा होता. डिओचा प्रश्न ओळखीचा आहे. दोन्हींची सरमिसळ केल्यामुळेच ‘श्रेष्ठ कोण’ हे भांडण चाळीस वर्षे सुटले नाही.

तरी श्रेष्ठ कोण, या प्रश्नाला बगल देणार नाही. गायक म्हणून डिओ श्रेष्ठ. यावर दुमत होण्यासारखे काही नाही. पण ब्लॅक सबाथला जे ब्लॅक सबाथ करते, ते ऑझीच्या कच्च्या गळ्याशिवाय जन्मलेच नसते. पहिला अल्बम १९६९ मध्ये जवळपास एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला. त्या दिवशी तिथे कसलेला गायक असता तर आज आपण या बँडबद्दल बोलत नसतो. डिओ त्या बँडमध्ये भाडेकरू म्हणून आला नव्हता. पडलेल्या घराला त्याने दुसरा मजला चढवला. पाया ज्याने घातला त्याचे नाव दारावर राहावे. मजला ज्याने चढवला त्याचेही राहावे.

५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनच्या व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे शेवटचे एकत्र आले. बिल वॉर्डही होता. पार्किन्सनने ग्रासलेला ऑझी सिंहासनासारख्या आसनावर बसून गायला. सतरा दिवसांनी, २२ जुलै रोजी, तो गेला. बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक उभे होते. कत्तलखान्यात काम केलेल्या पोराला त्याच्या गावाने दिलेला तो मान योग्यच होता.

हॉल ऑफ फेममध्ये ऑझीचे नाव दोनदा आहे. २००६ मध्ये बँडबरोबर आणि २०२४ मध्ये एकट्याचे. डिओबद्दल तिथल्या मंडळींना नियमाची अडचण सांगता येणार नाही, कारण त्यांनी स्वतःच तसा पायंडा पाडला आहे. स्मोकी रॉबिन्सनला १९८७ मध्ये एकट्याला घेतले होते, त्याचे ‘मिरॅकल्स’मधले सहकारी बाहेर ठेवले होते. २०१२ मध्ये खास समिती नेमून ‘मिरॅकल्स’ना आणि अशाच वगळलेल्या आणखी पाच गटांना आत घेण्यात आले. पंचवीस वर्षांनी का होईना, यादी दुरुस्त करता येते हे त्यांनी मान्य केले. तोच पायंडा २००६ च्या यादीला लावावा आणि चार नावांखाली पाचवे लिहावे: रॉनी जेम्स डिओ.